समुद्रात चरणारा सरडा

परभणी जिल्ह्याच्या काळ्या रानातून सकाळच्या प्रहरी चालत निघालेल्या माणसाला बांधावरच्या दगडावर मान ताठ करून ऊन खात बसलेला सरडा दिसल्यावाचून राहत नाही. ऊन चढू लागले म्हणजे तो अंग फिरवितो, मग सावली धरतो, आणि कोणी जवळ आलेच तर क्षणार्धात बाभळीच्या बुंध्याआड नाहीसा होतो. त्याच्याहून कितीतरी थोराड अशी घोरपड गंगाखेड-जिंतूरकडील डोंगरकपारींत आणि नदीनाल्यांच्या काठच्या बिळांत राहते. सरडा किडे टिपतो. घोरपड किडे, खेकडे, उंदीर, पक्ष्यांची अंडी असे जे सापडेल ते खाते. प्रसंग पडल्यास ती पाण्यात उत्तम पोहतेही. परंतु ह्या दोघांचेही पोट जमिनीवर अवलंबून असते. पृथ्वीच्या पाठीवर सरडे, पाली, सापसुरळ्या, घोरपडी ह्यांच्या मिळून सात हजारांहून अधिक जाती आज ज्ञात आहेत. त्यांपैकी एकच जात अशी आहे की, जिने आपले अन्नाचे ताट समुद्रात मांडले आहे. ती म्हणजे गालापागोस बेटांवरील सागरी सरडा होय. इंग्रजीत त्याला मरीन इग्वाना असे म्हणतात.

गालापागोस हा द्वीपसमूह दक्षिण अमेरिकेतील एक्वादोर ह्या देशाच्या मालकीचा असून तो त्या देशाच्या किनाऱ्यापासून सुमारे एक हजार किलोमीटर पश्चिमेस, प्रशांत महासागरात, ऐन विषुववृत्तावर पसरलेला आहे. परभणीला दुपारचे बारा वाजतात, तेव्हा तेथे मध्यरात्र उलटून अर्धा तास झालेला असतो. नकाशावर बोट ठेवून पाहिले तर ही बेटे आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला आहेत. तरीही मराठवाड्यातील मनुष्य तेथे जाऊन उभा राहिला, तर पायांखालचा खडक त्याला अगदीच परका वाटणार नाही. आपल्या दख्खनच्या पठाराचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून उसळलेल्या लाव्हारसाचा बनलेला आहे, आणि कापूस पिकविणारी आपली काळी माती ही त्याच कातळाची झीज होऊन तयार झालेली आहे. गालापागोसची बेटेही लाव्हारसाचीच आहेत. भेद एवढाच की, आपला लाव्हा कधीच निवून गेला. तेथील फर्नांदिना, इसाबेला ह्या बेटांवरील ज्वालामुखी अजून जागे आहेत. माती व्हायला तेथील खडकाला अद्याप पुरता अवधीच मिळालेला नाही. म्हणून किनाऱ्यालगतचा बराच भाग काळाठिक्कर, खडबडीत आणि उजाड आहे. गवताचे पातेही जेथे दुर्मीळ, तेथे शाकाहारी प्राण्याने खावे काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर समुद्राने दिले आहे. ही बेटे विषुववृत्तावर असली, तरी त्यांच्या भोवतीचे पाणी मात्र आश्चर्य वाटावे इतके थंड असते. दक्षिणेकडून हंबोल्ट नावाचा शीत प्रवाह येतो, आणि पश्चिमेकडून समुद्राच्या पोटातून वाहत येणारा दुसरा एक थंड प्रवाह बेटांच्या तळाशी आपटून वर उसळतो. खोल समुद्रातील हे पाणी आपल्याबरोबर पोषक क्षार घेऊन येते. त्या खतावर खडकांना चिकटून वाढणारे हिरवे व तांबडे शेवाळ मखमलीसारखे माजते. पाण्याच्या ह्या थंडपणामुळेच विषुववृत्तावर पेंग्विन पक्षी राहू शकतो. आणि ह्या शेवाळाच्या कुरणावर सागरी सरडा चरतो. त्याच्या जातीचे पूर्वज दक्षिण अमेरिकेच्या भूमीवरून, बहुधा वाहत आलेल्या ओंडक्यांच्या आधाराने, येथवर पोचले असावेत असे शास्त्रज्ञ मानतात. त्यांचीच दुसरी शाखा, म्हणजे भूचर इग्वाना, आजही त्या बेटांवर निवडुंग खाऊन राहते. एका घराण्यातील एक भाऊ निवडुंगाकडे वळला आणि दुसरा समुद्राकडे, असे म्हटले तरी चालेल.

सागरी सरड्याचे रूप मात्र डोळ्यांत भरण्याजोगे नाही. रंग कोळशासारखा, मानेपासून शेपटीपर्यंत काटेरी तुरा, चेहरा बसका, आणि डोक्यावर मिठाचे पांढरे पुट. पण ज्या अवयवांमुळे तो कुरूप दिसतो, तेच त्याच्या संसाराची अवजारे आहेत. तोंड बोथट असल्यामुळे दात खडकाला अगदी भिडवून शेवाळ खरवडता येते. प्रत्येक दाताला तीन टोके असतात, त्यामुळे शेवाळ विळ्याने कापावे तसे कापले जाते. नख्या लांब आणि वाकड्या. घोरपडीच्या पकडीची कीर्ती सिंहगडच्या कथेमुळे महाराष्ट्रात घरोघर पोचलेली आहे. ती कथा इतिहासाला मान्य असो वा नसो, घोरपडीची पकड बळकट असते ह्यात संशय नाही. सागरी सरड्याची पकड तशीच असते. लाटा अंगावर फुटत असता तो खडकाला चिकटून निवांतपणे खात राहतो. शेपटी दोन्ही बाजूंनी चपटी असते. पोहताना तो चारही पाय अंगालगत घेतो आणि केवळ शेपटी व धड नागमोडी हलवून पाणी कापीत जातो. टॉमस बेल ह्या इंग्रज प्राणिशास्त्रज्ञाने १८२५ साली ह्या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले, त्याचा अर्थच 'बोथट नाकाचा, तुरेवाला' असा आहे. मौजेची गोष्ट अशी की, बेलच्या हाती आलेला नमुना मेक्सिकोहून आणलेला होता, त्यामुळे हा प्राणी मेक्सिकोचाच, असा त्याचा समज झाला.

दहा वर्षांनी, १८३५ च्या सप्टेंबर महिन्यात, चार्ल्स डार्विन हा सव्वीस वर्षांचा तरुण 'बीगल' जहाजातून ह्या बेटांवर उतरला. त्याच्या आधी येऊन गेलेल्या कॉल्नेट नावाच्या कप्तानाने, हे सरडे थव्याथव्याने समुद्रात मासे मारण्यासाठी जातात, असे लिहून ठेवले होते. डार्विनने ऐकीव गोष्टीवर भिस्त न ठेवता काही सरड्यांची पोटे चिरून पाहिली. ती शेवाळाने गच्च भरलेली होती. माशाचा मागमूसही नव्हता. जहाजावरील एका खलाशाने एका सरड्याला जड वजन बांधून समुद्रात सोडले. तासाभराने दोर ओढून पाहतात तो प्राणी जिवंत आणि चांगला चपळ! हा प्रयोग निर्दय होता, परंतु त्यावरून ह्या प्राण्याचा दम किती आहे ते समजले. डार्विनने स्वतः केलेला प्रयोग अधिक विचार करण्यासारखा आहे. ओहोटीने मागे राहिलेल्या एका खोल डबक्यात त्याने एक सरडा पुनःपुन्हा फेकला. प्रत्येक वेळी तो सरळ पोहत, डार्विन उभा होता त्याच जागी परत आला. ज्याने फेकले त्याच्याच पायांशी परत येण्यात शहाणपण ते कोणते? डार्विनने असा तर्क केला की, समुद्रात ह्या प्राण्याला शार्कसारखे शत्रू आहेत, पण जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या कोणी वैरी नव्हता. म्हणून संकट आले की जमीन गाठावी, हे त्याच्या रक्तातच मुरलेले असावे.

ह्या सरड्याची दिनचर्या आपल्या शेतकऱ्याच्या दिनचर्येप्रमाणे सूर्याशी बांधलेली आहे. शिवाय तिला भरती-ओहोटीचीही दावण आहे. सरडा हा शीतरक्त प्राणी. त्याच्या शरीराला स्वतःची ऊब निर्माण करता येत नाही; ती उन्हाकडून उसनी घ्यावी लागते. म्हणून सकाळी शेकडो सरडे काळ्या खडकावर अंग पसरून पडलेले दिसतात. काळ्या रंगामुळे उष्णता लवकर शोषली जाते. शरीराचे तापमान पस्तीस-छत्तीस अंशांपर्यंत चढले म्हणजे ते चरण्यास निघतात. माद्या, लहान नर आणि पिले ही पाण्यात फारशी शिरतच नाहीत. ओहोटीने उघड्या पडलेल्या खडकांवरच ती चरतात. बुडी मारण्याचे काम थोड्याच, मोठ्या अंगाच्या नरांचे. बहुतेक बुड्या काही मिनिटांच्या असतात. क्वचित एखादा नर अर्धा तासही पाण्याखाली राहतो. त्या वेळी त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात आणि प्राणवायूची काटकसर होते. परंतु थंड पाण्यात अंगाची ऊब झपाट्याने ओसरते. कधी कधी शरीराचे तापमान दहा अंशांनी उतरते. हातपाय आखडण्यापूर्वी किनारा गाठलाच पाहिजे, नाही तर लाट त्याला खडकावर आपटणार. लहान अंग लवकर निवते, मोठे अंग उशिरा. बुडी मारणे मोठ्यांकडेच का, ह्याचा उलगडा ह्यावरून होतो.

बाहेर आल्यावर पुन्हा ऊन. ऐन दुपारी मात्र उलट अडचण उभी राहते. खडक तव्यासारखा तापतो, आणि सावली तर कोठेच नाही. अशा वेळी सरडे तोंड सूर्याकडे करून, छाती वर उचलून उभे राहतात. त्यामुळे अंगाचा कमीत कमी भाग उन्हात येतो आणि पोटाखालून वारा खेळतो. रात्री ते एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात.

अन्नाबरोबर जे मीठ पोटात जाते त्याचे काय होते, हेही पाहण्याजोगे आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांचे मूत्रपिंड एवढे मीठ बाहेर टाकण्यास समर्थ नसते. सागरी सरड्याच्या नाकाशी दोन ग्रंथी असतात. त्या रक्तातील जादा मीठ वेचून घेतात आणि सरडा जोराने शिंकला की ते खारे पाणी तुषारांसारखे उडते. डोक्यावरचे पांढरे पुट ते हेच. एका सरड्याची शिंक शेजारच्याच्या डोक्यावर पडत असली, तरी त्यावरून त्यांच्यात कलह होत नाही. शेवाळ पचविण्याचे काम तर त्याचे स्वतःचे नव्हेच. गाईम्हशींच्या पोटात चारा आंबवून पचविणारे सूक्ष्म जीव असतात, तसे ह्याच्या मोठ्या आतड्यात असतात. ह्या अदृश्य चाकरांची आठवण पुढे एका प्रसंगी काढावी लागणार आहे.

कलह होतो तो विणीच्या हंगामात. वर्षारंभीच्या उष्ण महिन्यांत मोठे नर खडकांचे तुकडे आपापसांत वाटून घेतात, आणि सीमेवर आलेल्या प्रतिस्पर्ध्याशी डोक्याला डोके भिडवून रेटारेटी करतात. एस्पान्योला बेटावरील नरांच्या अंगावर तेव्हा तांबडा आणि हिरवा रंग चढतो. मादी वाळूत बीळ खणून एकापासून सहापर्यंत अंडी घालते, काही दिवस बिळाची राखण करते आणि निघून जाते. सुमारे तीन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, ती थेट शत्रूंच्या तोंडी. साप, बगळे व ससाणे त्यांची वाटच पाहत असतात. सागरी सरड्याला स्वतःचा असा आवाज नाही. पण त्या बेटांवर मॉकिंगबर्ड नावाचा एक बडबड्या पक्षी आहे. ससाणा दिसताच तो धोक्याची हाक घालतो, आणि ती ऐकून सरडे सावध होतात, पळ काढतात. मुक्या प्राण्याने परक्या जातीची भाषा शिकून घ्यावी, ही गोष्ट २००७ साली शास्त्रज्ञांनी प्रयोगाने दाखवून दिली.

माणसाला मात्र हा सरडा भीत नाही. पाहुणा चार पावलांवर येऊन उभा राहिला तरी तो डोळे मिटून पडलेला असतो. आपली घोरपड माणसाची चाहूल लागताच बिळात शिरते, आणि तिला तसे कारणही आहे. मांसासाठी, चरबीसाठी, कातड्यासाठी तिची इतकी हत्या झाली की, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तिला पहिल्या अनुसूचीत घालावे लागले. गालापागोसला माणूस पोचला तोच मुळी अलीकडच्या काही शतकांत. परंतु तो एकटा पोचला नाही. त्याच्याबरोबर मांजरे, कुत्री, डुकरे आणि उंदीर गेले. ज्या प्राण्याने पळण्याची विद्याच कधी शिकली नाही, त्याची पिले मांजरांना आयती मिळाली, अंडी डुकरांनी उकरली. एक्वादोर सरकारने १९५९ साली ह्या बेटांचे राष्ट्रीय उद्यान केले, आणि सांतियागो बेटावरील रानडुकरे तर पुढे अनेक वर्षांच्या खटपटीने पार नाहीशी करण्यात आली. प्राण्यांपासून दोन मीटर अंतर राखावे, हा नियम तेथे जाणाऱ्या प्रत्येकाला पाळावा लागतो.

इतकी काळजी घेऊनही २००१ च्या जानेवारीत एक अनर्थ घडलाच. 'जेसिका' नावाचे तेलवाहू जहाज सान क्रिस्तोबाल बेटाजवळ खडकावर चढले आणि त्यातील तेल समुद्रात सांडले. वारा व प्रवाह ह्यांनी बहुतेक तेल खुल्या समुद्रात वाहून नेले; किनाऱ्यावर मेलेल्या प्राण्यांचे ढीग दिसले नाहीत; संकट टळले असे सर्वांना वाटले. परंतु सांता फे बेटावर, जेथे तेलाचा केवळ अंश पोचला होता, तेथे पुढील वर्षभरात शंभरांतील बासष्ट सरडे मेले. त्यांच्या अंगाला तेल लागलेले नव्हते. तेलाच्या अल्पशा अंशाने त्यांच्या आतड्यातील ते सूक्ष्म चाकर मारले असावेत, आणि पोटभर शेवाळ खाऊनही सरडे उपाशी मेले असावेत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे.

ह्याहूनही मोठे संकट समुद्र स्वतःच आणतो, आणि त्याचा धागा थेट आपल्या मराठवाड्याच्या शिवारापर्यंत येऊन पोचतो. एरवी प्रशांत महासागरावर वारे पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहतात. ते तापलेले पाणी इंडोनेशियाच्या दिशेने लोटतात, आणि पूर्वेकडे खालचे थंड पाणी वर येते. परंतु काही वर्षांच्या अंतराने हे वारे मंदावतात. मग पश्चिमेकडे साठलेले उष्ण पाणी पूर्वेकडे परतते आणि गालापागोसच्या भोवतीचे थंड पाणी तीस अंशांच्या घरात जाऊन पोचते. पेरू देशातील कोळी लोकांना हे उष्ण पाणी नाताळच्या सुमारास दिसे, म्हणून त्यांनी त्याला 'एल निन्यो' म्हणजे बाळ येशू असे नाव दिले. नाव बाळाचे, करणी काळाची! खडकांवरील हिरवे-तांबडे शेवाळ मरते, त्याच्या जागी तपकिरी शेवाळ उगवते, आणि ते सरड्यांना पचत नाही. १९८२-८३ आणि १९९७-९८ ह्या दोन खेपांत कित्येक बेटांवर निम्म्याहून अधिक सरडे उपासमारीने मेले.

वाऱ्यांचा हा पालट आपल्याकडील मोसमी पावसालाही बाधतो, हे कळण्याची कथा भारतातच सुरू झाली. १८९९ साली मोसमी पाऊस अगदी दगा देऊन गेला व देशाच्या मोठ्या भागात भीषण दुष्काळ पडला. त्यानंतर, १९०४ साली, गिल्बर्ट वॉकर नावाचा गणिती भारताच्या वेधशाळांचा प्रमुख होऊन सिमल्यास आला. पाऊस आधी ओळखता येईल काय, हा प्रश्न त्याच्यापुढे होता. जगभरचे हवेच्या दाबाचे आकडे चाळता चाळता त्याला दिसले की, प्रशांत महासागरावरचा दाब वाढला की हिंदी महासागरावरचा उतरतो, आणि तो उतरला की हा वाढतो. जणू तराजूची दोन पारडी. ह्याला त्याने दक्षिणी दोलन म्हटले. वेधशाळेचे मुख्य कार्यालय १९२८ साली सिमल्याहून पुण्यास आले, आणि ती इमारत पुण्यात आजही 'सिमला ऑफिस' ह्याच नावाने ओळखली जाते. वॉकरचे दोलन आणि पेरूच्या कोळ्यांचे उष्ण पाणी ही एकाच घटनेची दोन अंगे आहेत, हे याकोब ब्यर्कनेस ह्या शास्त्रज्ञाने १९६९ साली स्पष्ट केले.

मराठवाड्यातील वडीलधाऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ सांगावा लागत नाही. ते वर्ष एल निन्योचे होते. २०१५ हेही तसेच. पुढे एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आगगाडीने पाणी पोचवावे लागले. तथापि प्रत्येक एल निन्यो दुष्काळ आणतोच असे नव्हे. १९९७ साली प्रशांत महासागर भयंकर तापला असता भारतात मात्र पाऊस जवळजवळ नेहमीइतका झाला. पारड्यांत आणखीही वजने पडत असतात, आणि ती सर्व अद्याप मोजली गेलेली नाहीत.

अशा दुष्काळात सागरी सरडा काय करतो? शेवाळ विरळ झाले म्हणजे पहिला फटका मोठ्या अंगाच्या सरड्यांना बसतो. त्यांची भूक मोठी, पण ओहोटीचा वेळ आणि दातांना लागणारे आखूड शेवाळ तर सर्वांना सारखेच. इसाबेला बेटावर दहा-बारा किलोंचा नर आढळतो. जेथे शेवाळ कमी, त्या हेनोवेसा बेटावर मोठ्यात मोठा नर एका किलोलाही पोचत नाही, त्याचे कारणही हेच. मार्टिन विकेल्स्की हे जीवशास्त्रज्ञ ह्या सरड्यांना खुणा करून वर्षानुवर्षे मोजीत होते. एल निन्योच्या वर्षांत त्यांच्या मोजमापांत सरड्यांची लांबी कमी भरू लागली. प्रथम मोजण्यातच चूक होत असावी असे वाटणे स्वाभाविक होते, कारण पूर्ण वाढ झालेला प्राणी रोडावतो, पण आखूड होत नाही, असाच सर्वांचा अनुभव. परंतु आकडे खोटे नव्हते. दोन वर्षांत काही सरडे जवळजवळ सात सेंटिमीटरांनी, म्हणजे आपल्या लांबीच्या पंचमांशाने, लहान झाले होते. नुसते मांस झडून एवढा फरक पडणे शक्य नाही. हाडेही आक्रसली असली पाहिजेत. २००० साली हे संशोधन प्रसिद्ध झाले. मोठ्या सरड्यांपैकी जे अधिक आखूड झाले, ते अधिक काळ तगले. लहान झालेल्या देहाला थोडे शेवाळ पुरे पडले, आणि ते थोडे शेवाळ खरवडून झाल्यावर त्याला ऊबही लवकर मिळाली.

१९९८ च्या मध्यास वारे पुन्हा पश्चिमेकडे वाहू लागले. बेटांभोवतीचे पाणी निवले, खडकांवर हिरवे-तांबडे शेवाळ पुन्हा धरले. वाचलेले सरडे ओहोटीच्या वेळी त्यावर चरू लागले, अंगाने भरले, आणि मग हळूहळू पुन्हा लांब होऊ लागले.